मॅडमची चिठ्ठी मी सुधारली

मी बेचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकलो आणि त्याचा त्रास बल्लारपूरच्या आमच्या कॉलेजनं माझ्या निवृत्तीपर्यंत सोसला. शिपायाचा प्रयोगशाळा परिचर झालो, तेव्हापासून कुठं काही लिहिलेलं दिसलं की त्यात चूक शोधायची मला खोडच लागली.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला रसायनाच्या रूही मॅडमनी चिठ्ठी दिली: एक लिटर पाण्यात पोटॅशियम परमँगनेट दोन ग्रॅम, दुसऱ्या लिटरात ऑक्झॅलिक आम्ल चार ग्रॅम. फळ्यावरच्या समीकरणात मात्र दोनास पाच होते. मॅडम घाईत चुकल्या असं ठरवून मी मोठ्या मनानं आम्ल पाच ग्रॅम तोललं.

माझा आणखी एक उपकार दरवर्षीचा. दहा मिली आम्लात बुरेटच्या नळीतून परमँगनेटचं जांभळं द्रावण थेंब थेंब सोडायचं, गुलाबी रंग टिकला की नळीवरचा आकडा लिहायचा. तो आकडा मी पोरांच्या कानात आधीच सांगून ठेवायचो. "दहा येते, दहा."

वीस जणांपैकी एकोणीस जणांनी दहा लिहिलं. भागीरथा तेवढी तिसऱ्यांदा बुरेट भरत होती.

"भाऊ, माहं साडेबाराच येऊन राह्यलं."

"सगळ्याईचं दहा आलं. तुह्या डोळ्यातच खोट हाये. लिही दहा."

"जे आलं नाई ते काऊन लिहू?"

तिनं साडेबाराच लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वह्या चाळल्या, "ही एकटी चुकली," म्हणाले आणि शून्य द्यायला लाल पेन उघडला. पोरीचे या प्रयोगाचे सगळे गुण चालले होते. मी टेबलापाशी गेलो.

"थांबा साहेब. आम्ल पाच ग्रॅम हाये. मी मॅडमची चिठ्ठी सुधारली."

मॅडमनी डोक्याला हात लावला. "बापूरावभाऊ, उन्हाळ्यात विडीसाठी तेंदूपत्ता तोडता, तो कसा मोजता?"

"पुड्यानं. सत्तर पानांचा पुडा."

"वजनानं काऊन नाई?"

"पानं लहानमोठी राह्यते न."

"मग समीकरणातले दोन न् पाच म्हणजे कणांचे पुडे आहेत, भाऊ! ग्रॅम नाईत. त्या पुड्यांचं वजन काढलं तर दोन ग्रॅमला चारच येते." त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. "चाराला दहा मिली, तर पाचाला साडेबारा. भागीरथाचं बरोबर आहे."

परीक्षक म्हणाले, "मग या एकोणीस जणांना दहा कुठून आलं?"

अडतीस डोळे माझ्याकडे वळले.

भागीरथा पूर्ण गुण घेऊन घरी गेली. मॅडमनी नवं द्रावण स्वतः तोललं आणि एकोणीस जण पुन्हा बुरेटला लागले.

"भाऊ, तुम्ही व्हरांड्यात बसा," मॅडम म्हणाल्या. "अन् जाताना दार लावून घ्या."