हसण्यावारी नेलेली झोप

लेकीच्या चार दाढा किडलेल्या. वय साडेचार, दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीत बसवलं की तोंड घट्ट मिटून घ्यायची. शेवटी पूर्ण भूल देऊनच काम करायचं ठरलं आणि त्याआधी भूलतज्ज्ञ बाईंनी तपासायला बोलावलं.

मी वहीत सगळं लिहून नेलं होतं. वजन, शेवटचा खोकला कधी, कुठल्या औषधाने पुरळ उठलं.

"तुम्ही मला कामच ठेवलं नाहीत," बाई हसल्या. त्यांनी छाती तपासली, कुठला दात हलतोय का पाहिलं. "घोरतेस का गं?"

"मी नाही. आई घोरते."

"घरात कोणाला भुलीचा त्रास?" त्यांनी मला विचारलं.

"छे! उलट लहानपणी दाढ काढताना मी अशी ढाराढूर झोपले, की डॉक्टरांचा चहा तीनदा गार झाला."

ही बाबांची गोष्ट. पाहुणे आले की मान एका बाजूला टाकून ते माझी नक्कल करायचे आणि आमची हसून पुरेवाट व्हायची. ते जाऊन तीन वर्षं झाली. आता ती मीच सांगते, त्यांच्याच आवाजात.

बाई हसल्या नाहीत. "नक्की किती वेळ झोपलात?"

मी तिथूनच आईला फोन लावला.

"झोप कसली!" आई म्हणाली. "दुपारपर्यंत तुझा श्वास चालेना. डॉक्टर हाताने श्वासाची पिशवी दाबत बसलेले. घरी आल्यावर हे म्हणाले, पोरीला कळलं तर जन्मभर दवाखान्याला घाबरेल. मग ती चहाची गोष्ट रचली."

"आणि तूही हसायचीस?"

"आधी मी उठून आत जायचे. पुढे हसू लागले."

बाईंनी समजावलं. स्नायू सैल करणारं एक औषध काहींच्या शरीरातून लवकर उतरत नाही, तोवर श्वास चालत नाही आणि हा दोष रक्तातून मुलांकडे येऊ शकतो. आधी कळलं तर ते औषध टाळता येतं. त्यांनी तारीख पुढे ढकलली, माझं आणि लेकीचं रक्त तपासायला पाठवलं. दोघींतही तेच निघालं.

तीन आठवड्यांनी सकाळी दहाला तिला आत नेलं आणि दुसरं औषध वापरून दाढा काढल्या. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा लेक रडत, चिडून बूट मागत होती. मी आईला फोन केला.

"जागी झाली?"

"अकरा दहाला."

"किती?"

"अकरा दहा, आई."

"पुन्हा सांग," ती म्हणाली.