मुठीतला बोंबील

बघ

"त्याच्या नाकाशी नको गं आई, तुझ्या डोळ्यांपाशी धर," जागृती म्हणाली. "आणि भुऱ्या भुऱ्या करत बसू नको. फक्त 'बघ' म्हण. आधी लक्ष, मग बाकीचं."

सखुबाईने सुक्या बोंबलाचा तुकडा मुठीत धरून कपाळाशी नेला. "बघ."

शेपूट हलवत भुऱ्याने वर पाहिलं.

"दे, दे, लगेच दे! उशीर केलास तर कशाबद्दल मिळालं ते त्याला कळणार नाही."

सखुबाईची ही लेक नौपाड्यात जनावरांच्या डॉक्टरांकडे कामाला होती. तिने उकडलेल्या चिकनचे तुकडे वापरायला सांगितलं होतं. पण बरणीत बोंबील असताना कुत्र्यासाठी चिकन उकडायचं, हे कोपरीतल्या या घरात कोणाला पटणार? वास खोलीभर पसरला. पलंगावरून गोविंदानेही वर पाहिलं. सरळ बायकोच्या डोळ्यांत. कित्येक दिवसांत त्याने असं पाहिलं नव्हतं.

"यांना पण देऊ?"

"आई, बाबा काय कुत्रा आहेत?"

सखुबाईने दिला.

भुंक

खरं तर हे सगळं गोविंदासाठीच चाललं होतं. विसरायला लागल्यापासून तो मधेच उठायचा, चप्पल घालायचा आणि निघायचा.

"कुठं निघाले?"

"मिठागरान."

त्याने तरुणपणी जिथे मीठ ओढलं, तिथे आता खारफुटी माजली होती. वाटेत हायवे होता. मागच्या खेपेला तो हायवेच्या दुभाजकावर उभा सापडला, तेव्हा मुलगा सुदेश कुलूप घेऊन आला.

"तू बाजारात गेलीस, आंघोळीला गेलीस, की लावायचं."

"माणूस हाय तो. कोंडून नाय ठेवणार मी."

"मग गाडीखाली जाऊ दे?"

"भुऱ्याला शिकवते ना. हे निघाले की वरडंल."

"भुऱ्या!" सुदेश हसला. "पाव टाकला तर तो चोराला पण घर दाखवेल, आई." मग हसायचा थांबला. "आणखी एकदा गेले ना, तर मी तुझं काही ऐकणार नाही." त्याने कुलूप फ्रिजवर ठेवलं आणि गेला.

तर धडा असा. बाबांच्या पायात चप्पल, की भुंकायचं. भुंकला, की तुकडा.

भुऱ्या शिकला. एवढ्या लवकर शिकला की जागृतीने फोनवर क्लिनिकमधल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं.

(मधेच)

शिकवलं होतं: चप्पल, भुंकणं, सखुबाई.

शिकले: चप्पल, भुंकणं, बोंबील.

शिकले म्हणजे दोघंही. भुऱ्याला दिला की सखुबाई दुसरा तुकडा नवऱ्याच्या हातावर ठेवायची, न देणं तिला जमायचंच नाही. मग गोविंदा पलंगावर बसल्या बसल्या चप्पल घालू लागला. भुऱ्या भुंकायचा. दोघं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहायचे.

"सखुमावशी, आज किती वेळा निघाले काका?" शेजारची अमृता विचारायची.

"निघतात कुठं! खातात नुसते."

ती हसायची. ते दिवस बरे होते. पुढे पुढे प्रत्येक भुंकण्याला उठणं तिने सोडलं.

थांब

हे शिकवायचं राहिलं.

ती तांदूळ धूत होती. भुऱ्या भुंकला.

"पुरे आता. पोट बिघडेल दोघांचं."

तो पुन्हा भुंकला. नेहमीपेक्षा जोरात. मग आवाज बंद झाला.

ऐकलं एकदाचं, असं तिला वाटलं. भात चढवून ती बाहेर आली, तर दार उघडं होतं. पलंगावर कोणी नव्हतं. दाराशी भुऱ्याही नव्हता.

गॅस बंद करून ती तशीच ओल्या हातांनी धावली. "आमचे हे गेले का हिकडून? कुत्रा हाय बरोबर."

"मघाशी भुंकत होतं खरं एक कुत्रं," इस्त्रीवाला म्हणाला.

वाटेत सगळ्यांनीच ऐकलं होतं.

हायवेपलीकडे, जुन्या बांधाखाली गोविंदा गुडघाभर चिखलात उभा होता. आणखी पुढे जायला पाय उपसत होता. भुऱ्या बांधावरून भुंकत होता, पण घसा बसलेला. नुसती हवा येत होती.

"अवो, मागं फिरा. मना येता येत नाय तिथं."

त्याने वळूनही पाहिलं नाही. तिच्याजवळ काहीच नव्हतं. तिने मूठ मिटली, कपाळाशी नेली.

"बघ."

भुऱ्याने पाहिलं. मग गोविंदाने.

एकेक पाय काढत तो बांधावर आला. हायवेखालच्या रस्त्याने तिघं परतले. पुढे सखुबाईची मूठ, मागे ते दोघं. मूठ रिकामी आहे हे भुऱ्याला वासावरून केव्हाच कळलं असणार. तरी तो वर बघतच चालला होता.

घरी तिने दोघांना बरणीतला एकेक तुकडा दिला. नवऱ्याचे पाय धुतले. मग फ्रिजवरचं कुलूप काढलं आणि दाराला आतून लावलं. किल्ली कनवटीला खोचली.

खटका वाजला तसं दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

ती 'बघ' म्हणाली नव्हती.