सेल्विन फ्रान्सला गेलेत

लिंडसी खिडकीच्या काचेवर स्टिकर चिकटवून त्याखालची हवा अंगठ्याने कडेला ढकलत होती आणि त्या घरच्या म्हाताऱ्या एनिड कमरेवर हात ठेवून तिच्या मागे उभ्या होत्या. स्टिकरवर गावच्या रग्बी क्लबचा लाल-काळा शर्ट होता, आणि खाली ओळ : ‘आमचा टीव्ही चालूच असतो.’ ओळ लिंडसीचीच.

“म्हणजे घरात कुणी नसलं तरी तो बोलत ठेवायचा?” एनिडनी विचारलं.

“फक्त मॅचच्या दिवसांत. कुठल्या घरात कुठलं चॅनेल लागलंय ते टीव्हीखालच्या त्या डब्याला कळतं. आपल्या प्रेक्षकांचे आकडे वर जातात.”

“आणि आत कुणी मरून पडलं तर ते कुणाला कळतं?”

“एनिड! काहीतरीच काय!”

“काहीतरीच नाही, पोरी. या गल्लीत टीव्हीचा आवाज आला की माणूस धड आहे म्हणायचं, आणि नाही आला की दार वाजवायचं. एवढंच आमचं शास्त्र. आता तेही बिघडव.”

लिंडसी हसली होती. नेल तेव्हा पोटात होती, आणि पोटात पोर असताना म्हाताऱ्या बायका काय काय सांगतात त्याला धरबंध नसतो. तिने काचेवरचा शेवटचा फुगा नखाने फोडला आणि पुढच्या घरी गेली.

आता जून होता, शनिवारची दुपार होती, आणि लिंडसी बाहेरच्या खोलीत भिंतीला कान लावून उभी होती. कडेवर नेल तिच्या गळ्यातली साखळी हिरड्यांखाली धरून चघळत होती. रात्रभर दोघी झोपल्या नव्हत्या.

भिंतीपलीकडे सेल्विन ओल्डरॉइड राहत. एकटे, ऐंशीच्या घरातले, कानाने मंद. क्लबचा त्या संध्याकाळी फ्रान्समध्ये, पर्पिन्यानला सामना होता, आणि गुरुवारी मैदानापासून दोन बस भरून माणसं गेली होती. आपणही चाललो, असं सेल्विननी मटणवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं. जाताना टीव्ही चालू ठेवला, तोही लिंडसीच्याच ओळीला जागून.

लीगचा प्रक्षेपणाचा करार संपत आला होता. चॅनेल पुढच्या वेळी कमी पैसे देणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि ज्या क्लबांचे प्रेक्षक कमी त्यांना खालच्या श्रेणीत ढकलणार, हे लीगने पत्रक काढून कळवलं होतं. लिंडसी क्लबच्या कचेरीत मैदानाभोवतीच्या पाट्यांची जागा विकायची. कॅमेऱ्याला दिसणारी बाजू महाग, कॅमेऱ्याच्या पायाखालची स्वस्त. ती स्वस्त बाजू फक्त मैदानात आलेल्या माणसांना दिसायची, आणि माणसांना आता भाव नव्हता. श्रेणी गेली की कॅमेरे जाणार, कॅमेरे गेले की पाट्या, आणि पाट्यांबरोबर ती.

त्यामुळे गुरुवारपासून भिंतीतून येणारी कुजबुज तिला बरी वाटत होती. तेच चॅनेल, त्याच्या त्याच जाहिराती : तुंबलेली मोरी मोकळी करणारा पठ्ठ्या, मरणोत्तर खर्चाची आत्ताच सोय करा म्हणणारी गोड आवाजाची बाई, पैजा लावायचं ॲप. कुठल्या जाहिरातीनंतर कुठली, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

जेवणानंतर मात्र भिंतीतून पियानो ऐकू आला.

ती थबकली. पियानो म्हणजे बँकेची जाहिरात. मग एक मोटार, जिच्या जाहिरातीत कुणी बोलतच नाही, फक्त वारा वाहतो. या जाहिराती त्या चॅनेलवर नसतात. मग शिट्टी झाली, हजारो माणसं संथ सुरात गाऊ लागली, आणि समालोचक सुटीवर असल्यासारखा सावकाश बोलू लागला.

पंधरा जणांचं रग्बी. सेल्विनच्या घरात.

“जोएल.”

जोएल, तिचा नवरा, गोदामातली रात्रपाळी करून आला होता आणि सोफ्यावर उताणा पडला होता.

“जोएल, सेल्विनकडे पंधराचं लागलंय.”

“सेल्विन फ्रान्सला गेलेत.”

“मग चॅनेल कुणी बदललं?”

जोएलने एक डोळा उघडला. “आपोआप बदललं असेल. डब्यात काहीतरी नवीन भरतात ना ते.”

“आपोआप? आणि नेमकं पंधरावर?”

“डब्याला काय कळतंय, तो काय यॉर्कशायरमध्ये जन्मलाय?”

एरवी ती हसली असती. इथे रग्बी खेळतात ते तेरा जणांचं, तेराचा खेळ. पंधराचा खेळ दक्षिणेकडच्या साहेबलोकांचा. सेल्विन तरुणपणी दोन्ही खेळत. एकदा तेराच्या, पैसे घेऊन खेळणाऱ्या संघाकडून खोटं नाव लावून एकच चाचणी सामना खेळले, तर पंधरावाल्यांनी त्यांना क्लबच्या दारातून हाकलून दिलं, जन्मभरासाठी. तेव्हापासून तो खेळ टीव्हीवर दिसला तरी ते उठून बटण बंद करायचे, मग ते दुसऱ्याच्या घरी का असेना. लग्नाच्या जेवणावळीतसुद्धा त्यांनी असं केलं होतं.

तिने सेल्विनना फोन लावला. बंद. मग फ्रान्सला गेलेल्या एनिडना लावला. मागे गलका होता, कुणीतरी गात होतं.

“सेल्विन? आमच्या बसमध्ये नाहीत, पोरी. दुसऱ्या बसमध्ये असतील. त्यांचं हॉटेल वेगळं आहे.”

“तुम्ही पाहिलंत त्यांना?”

“पाहिलं... नाही. संध्याकाळी मैदानात दिसतीलच की. का गं?”

“काही नाही. सहज.”

गुरुवारी निघताना तिने स्वतःच फोटो काढले होते; बसवर जाहिरात दिलेल्या टायरवाल्याला ते पाठवायचे होते. तिने फोनवर एकेक चेहरा मोठा करून पाहिला. मटणवाला होता, त्याची मेहुणी होती, एनिड होत्या. शेवटच्या बाकावर एक टोपी होती, पण टोपीखाली कोण ते दिसत नव्हतं.

भिंतीपलीकडे आवाज एकदम चढला आणि तसाच चढलेला राहिला.

ते तिच्या डोळ्यांपुढे आलंच : गालिच्यावर पडलेले सेल्विन, आणि त्यांच्या कमरेखाली रिमोट. पडताना एक बटण दाबलं गेलं, आता हलताना दुसरं.

“मी बघून येते.”

“थांब, बूट घालतो,” जोएल म्हणाला, पण ती नेलला घेऊन मागच्या दाराने बाहेर पडलीसुद्धा.

मागच्या बोळातून सेल्विनच्या परसात जायला एक फळ्यांचं फाटक होतं. तिने ते खांद्याने लोटलं. स्वयंपाकघराचं दार नुसतं ओढलेलं होतं. आत मोरीत एकच कप, ओट्यावर बिस्किटांचा फाटका पुडा, पीचच्या फोडींचा उघडलेला डबा आणि त्यातच चमचा. नासलेल्या दुधाचा वास नव्हता. नेलने तिचा कान घट्ट धरला.

“सेल्विन?”

बाहेरच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. टीव्हीच्या उजेडात खुर्चीची पाठ दिसत होती, आणि पाठीवरून पांढऱ्या केसांचा एक झुबका. तो हलत नव्हता. लिंडसीने नेलचं तोंड आपल्या मानेत दाबलं आणि खुर्चीला वळसा घातला.

सेल्विन ताठ बसले होते. डोळे उघडे. अंगात कोट, गळ्यात मफलर, जसे काही मैदानातच आलेत.

ते तिच्याकडे बघून दचकले, मग चिडले. “दार वाजवायची काही रीत आहे की नाही?”

ती सरळ गालिच्यावरच बसली. सेल्विननी रिमोट उचलून चॅनेल बदलायला म्हणून बटण दाबलं, तर आवाज आणखी मोठा झाला. पुन्हा दाबलं, आणखी मोठा. नेलला ते फार आवडलं. ती खिदळायला लागली.

“राहू द्या,” लिंडसी ओरडून म्हणाली. तिने त्यांच्या हातातून रिमोट घेऊन आवाज कमी केला. “मी पाहिलंय. आता लपवून काय उपयोग?”

पडद्यावर राखीव खेळाडूंचा बाक दिसत होता. निळी जाकिटं घातलेली पोरं रांगेने बसलेली.

“कडेचा,” सेल्विन हळूच म्हणाले.

रूबेन. त्यांचा नातू. याच बोळात चेंडू मारून त्याने लिंडसीची पन्हळ दोनदा तोडली होती. क्लबच्या पोरांच्या संघातला सगळ्यांत चपळ पोरगा, आणि थंडीत दक्षिणेकडच्या पंधरावाल्यांनी त्याला नेलं. त्यानंतर क्लबच्या बारमध्ये कुणीतरी काही बोललं, तेव्हा सेल्विननी ग्लास खाली ठेवून सगळ्यांदेखत सांगितलं होतं, “मला नातू नाही.” त्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. जोएलनेही वाजवल्या होत्या.

“आज पहिल्यांदा नाव आलंय त्याचं,” सेल्विन म्हणाले. “खेळवतील की नाही, कोण जाणे.”

“म्हणून फ्रान्स?”

“दोन बस आहेत म्हटल्यावर सोपं गेलं. हे म्हणतात तो त्यांच्यात, ते म्हणतात तो यांच्यात.”

“आणि तुम्ही पडला असतात तर? मंगळवारी बस परत येईपर्यंत या दाराशी कुणी आलं नसतं. टीव्ही चालू, म्हातारा फ्रान्सला!”

“कुणी येऊ नये म्हणूनच तर केलं, पोरी.” मग जरा ओशाळून, “तू येशील असं नव्हतं वाटलं. तुझी ती जाहिरात माझ्या कामी आली बघ.”

पडद्यावर खेळ थांबला होता. कुणाच्या तरी गुडघ्याला पट्टी बांधत होते. मग पियानो सुरू झाला.

“हे बघ,” सेल्विन म्हणाले. “त्यांना बँक. आपल्याला तुंबलेली मोरी.”

“मोरीवालाच वेळेवर पैसे देतो,” लिंडसी म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं.

मोटार गेली, वारा गेला, आणि मैदान परत आलं तेव्हा बाकाच्या कडेची जागा रिकामी होती. रूबेन मैदानावर होता. नुसता होता नाही, धावत होता. त्याच्या शर्टाला माती लागलेली होती.

“कधी आला आत?” सेल्विन उठायला लागले. “कधी घेतला त्याला?”

“जाहिरातीत,” ती म्हणाली.

त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते खुर्चीचा उजवा हात धरून उभे राहिले होते आणि त्यांचा डावा पंजा खुर्चीच्या डाव्या हाताला शोधत होता. तो सापडला नाही. पंजा लाकडाच्या बाजूने दोनदा घसरला. मग ते परत बसले, नजर पडद्यावरच.

“सेल्विन, हाताला काय झालंय?”

“मुंग्या आल्यात. बसून बसून.”

“रोजच्या गोळ्या घेतल्यात?”

“औषधवाली पोरगी काल येऊन गेली. मी दार कसं उघडणार? मी फ्रान्सला.”

“आत्ता जाऊन आणते.”

“शनिवारी दुपारी दुकान बंद करतात ते. आता सोमवारी. आणि तू आणायला गेलीस की सगळ्या गावाला कळलं.” त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. “जोएलला नको सांगू. एनिडला तर मुळीच नको. मंगळवारी मी बस आली की मफलर घालून बाहेर पडेन, झालं. सगळ्यांदेखत बोललोय मी. हे मला एवढं एकदा बघू दे.”

“डॉक्टरला फोन करू या. निदान विचारू या.”

“विचार, आणि मी सांगेन मला काही होत नाहीये. तू मला वचन दे.”

पडद्यावर रूबेन कुणाच्या तरी अंगाखाली गेला आणि चेंडू धरून पुन्हा वर आला. सेल्विनच्या तोंडून एक आवाज निघाला. लिंडसीने तसा आवाज मैदानात कधी ऐकला नव्हता.

मागे फाटक वाजलं. “लिंडसी! आहे का आत कुणी?”

तिने नेलला उचललं, स्वयंपाकघरातून बाहेर गेली आणि दार पाठीमागे ओढून घेतलं. जोएल एकाच पायात बूट घालून परसात उभा होता.

“कुणी नाही,” ती म्हणाली. “डब्याचंच काहीतरी. मी बंद करत होते.”

“सांगत होतो ना.” त्याने नेलचं नाक चिमटीत धरलं. “तुझ्या आईला सगळे भिंतीपलीकडे मेलेलेच दिसतात.”

घरी येऊन तिने एनिडना निरोप पाठवला : सेल्विनशी बोलणं झालं, ठीक आहेत, मैदानात शोधू नका. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. संध्याकाळी काळोख पडायच्या आधी जोएल कामावर गेल्यावर ती दूध, पाव आणि सूपचं पातेलं ठेवून आली. सेल्विननी तिला खेळाचा शेवट दोन वेळा सांगितला. सांगताना एक शब्द त्यांना मिळेना. तो मिळेपर्यंत ते उजव्या हाताने डावं मनगट चोळल्यासारखं करत राहिले, आणि मग दुसराच शब्द वापरून पुढे गेले. क्लबने त्या रात्री पर्पिन्यानमध्ये मार खाल्ला. आकडे मात्र चांगले आले.

उद्या सकाळी लिंडसी आणि जोएल नेलला घेऊन व्हिटबीला निघतील. सोमवारी तिथे लिंडसीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मंगळवारशिवाय परतता येणार नाही. सेल्विनचा फोन बंद आहे, आणि वचन तिने दिलं की नाही हे तिला स्वतःलाही नीट आठवत नाही. पण दार मात्र तिनेच ओढून घेतलं. आता त्या गल्लीत त्यांचं दार कुणी वाजवणार नाही. आतून आवाज येत राहील, आणि सेल्विन फ्रान्सला गेलेत.

ते घरीच आहेत हे आता तिला ठाऊक आहे आणि तुम्हाला. म्हणून ती तुम्हालाच सांगते आहे. उद्या तिकडून जाणं झालं तर मागच्या बोळाने जा, लाकडी फाटक खांद्याने लोटावं लागतं. खेळाचं काही विचारू नका. नुसतं दार वाजवा, जोरात, त्यांना कमी ऐकू येतं. ते स्वतः उठून येतात का बघा, हसले तर तोंडाच्या दोन्ही बाजूंनी हसतात का बघा, आणि काय दिसलं ते लिंडसीला लगेच कळवा. नाहीच उघडलं, तर तिच्यासारखा विचार करत बसू नका, दार ढकलून आत जा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा.