सासूबाईच्या अलीकडचा मासा

माझी होडी मी गॅरेजमध्ये स्वतः बांधली, तेव्हा माझ्या जावयाला धड दातही आले नव्हते. आता तोच लायल मधल्या फळीवर, म्हणजे माझ्या जागेवर, माझी वल्ही धरून बसला होता आणि मला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. हिवाळ्यात ऑपरेशन करून माझा खुबा बदलला. तेव्हापासून घरातले सगळे माझ्याशी पाळण्यातल्या बाळाशी बोलावं तसं बोलतात. “आई, तू आता नुसती मजा कर,” हे माझ्या मुलीचं, मारिटचं, सकाळपासून चाललं होतं. मला मजा नको होती. मला सासूबाईच्या शेजारून होडी स्वतःच्या हातांनी काढायची होती, बस्स.

सासूबाई म्हणजे यलोस्टोन नदीच्या पात्रात मधोमध बसलेला काळा खडक. सगळी नदी तिच्या अंगावर धावून जाते आणि उजवीकडच्या अरुंद वाटेने किंचाळत बाहेर पडते. तिने किती होड्या फोडल्या याला गणती नाही. हे नाव माझ्या जन्माच्या आधीपासूनचं आहे, हे मी लायलला लग्नाच्या वर्षीच सांगितलंय. तरी ते घेताना तो माझ्याकडे बघायचं टाळतो.

दर जुलैला, पुराचं पाणी उतरलं की आमच्या तीन होड्या निघतात. आमचा नियम साधा. ज्याच्या जाळीत मासा आला त्याने तो पाण्यात परत सोडायचा, आपली गळाची काठी वल्हवणाऱ्याला द्यायची आणि त्याची वल्ही घ्यायची. मासा मिळाल्यावर वल्हवणं ही सगळ्यांच्या मते शिक्षा. ती शिक्षा हवी असलेली तीन होड्यांत मी एकटीच होते. नुसती मागून वल्ही मिळाली नसती, पण मासा मिळाला असता तर कुणाच्या बापाला नाही म्हणता आलं नसतं.

आणि त्या दिवशी मासे वेडे झाले होते. काठच्या झुडपांतून बोटाएवढ्या नारिंगी माश्या पाण्यात पडत होत्या आणि ट्राउट त्यांच्यावर तुटून पडत होते. लायलने माझ्या दोराला तशीच, गळावर पिसं गुंडाळलेली खोटी माशी बांधून दिली, कारण मला जवळचं नीट दिसत नाही. मी ती काठाशी टाकायची, पाणी फुटायचं, मासा माशी तोंडात घ्यायचा, मी काठी उचलायची आणि हातात काही नाही. पुन्हा टाकावी, तर पुन्हा तेच. सगळ्या जन्मात इतक्या माशांनी मिळून मला असं बनवलं नव्हतं. मागच्या होडीत ऑर्विल होता, त्याच्याशी मी शाळेपासून भांडत आलेय. खुब्याबरोबर मनगटंही बदलून घेतलीस का, असं तो ओरडून विचारत होता.

मला आधी राग आला, मग संशय आला. मारिट मागच्या खुर्चीत बसून सकाळपासून दोराचा गुंता सोडवत होती. जिला मासा दिसला की जेवणखाण सुचत नाही, ती! मी माशी हातात घेतली आणि पिसांखाली बोट फिरवलं. गळाचं टोक वळणापासून पक्कडीने कापून टाकलेलं होतं. असल्या माशीवर मासा लागेल कसा? सासूबाई ओलांडेपर्यंत म्हातारीला मासा मिळू द्यायचा नाही, असा बेत शिजला होता आणि एवढी अक्कल लायलची नव्हती. ही माझ्याच पोटची हुशारी.

खरं सांगते, मला अभिमान वाटला. मग मी पाठ वळवली, टोपीत खोचलेली माझी जुनी माशी काढली आणि चाचपडत बांधली. गळ बोटात घुसला. रक्त बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

सासूबाईची घरघर ऐकू यायला लागली आणि मासा लागला. काठी वाकली, दोर सुसाट गेला, मी शाळकरी पोरीसारखी हसत सुटले. मारिट जाळी शोधत राहिली, जी तिच्या पायाखालीच होती. शेवटी मीच ओढून घेतली आणि वाकून मासा आत घेतला. बघते तर इवलंसं तोंड आणि रुपेरी अंग. व्हाइटफिश!

हा मासा लग्नात न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा. कुणी हाकलत नाही आणि कुणी मोजतही नाही. तो मोजायचा नाही, हा नियम तर मीच केलेला. फार वर्षांपूर्वी ऑर्विलने इथेच एक व्हाइटफिश पकडून माझी वल्ही मागितली होती. तेव्हा वल्ही पोटाशी धरून मी तो नियम जागच्या जागी जन्माला घातला होता.

तिन्ही होड्या खडकाच्या अलीकडे वाळूवर ओढल्या गेल्या आणि सँडविच खात खटला उभा राहिला. ऑर्विल बिअरच्या पेटीवर न्यायाधीश होऊन बसला. एक जण म्हणाला, व्हाइटफिश हा ट्राउटचा चुलतभाऊच लागतो. दुसरी म्हणाली, माझ्या चुलतभावाला मी सायकलसुद्धा देणार नाही. तिसऱ्याने माशाची साक्ष काढायची टूम काढली, पण साक्षीदाराला मी केव्हाच नदीत सोडलं होतं. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त मारिट हसत नव्हती.

“नियम तुझाच, व्हर्ना,” ऑर्विल तृप्त होऊन म्हणाला. “या दिवसासाठीच मी जिवंत राहिलोय.”

हात वर झाले. मी हरले. तेवढ्यात लायल उभा राहिला. त्याचा चेहरा त्या माशाहून पांढरा होता.

“वल्ही त्यांना द्या,” तो म्हणाला. “मी रात्रभर झोपलो नाहीये. तो खडक माझ्याच्याने होणार नाही. आई, मी तुमच्या पाया पडतो, तुम्ही घ्या.”

पुन्हा हशा पिकला. मारिटने हातातलं सँडविच खाली ठेवलं.

“आणि पाय?” तिने मला विचारलं. “वल्हं ओढताना पाय समोरच्या पट्टीवर रोवावा लागतो. डावा सरकला तर? जानेवारीत तुला बाथरूममधून मी उचललंय, आई. या लोकांनी नाही.”



“सरकेल,” मी म्हणाले. “मलाही कळतं ते. पण मला कुणी विचारलं का? हे शेवटचं, असं मला माझ्या तोंडाने म्हणायचं होतं, मारिट. ते तू पक्कडीने म्हणून टाकलंस.”

ती लाल झाली, उठली आणि तरातरा होडीकडे निघाली. रागावून चालली असं मला वाटलं. पण ती होडीत चढली आणि मधल्या फळीसमोर तळाशी, ओल्या दोरखंडावर फतकल मारून बसली. तिची पाठ खडकाकडे होती. नुसता खळखळाट ऐकू आला तरी वल्ही टाकून देणारी माझी मुलगी ही!

“चल,” ती म्हणाली. “हात तुझे. पाय माझ्याकडे.”

नियमाचं काय, असं कुणीतरी पुटपुटलं. गप्प बैस, असं ऑर्विलनेच त्याला सुनावलं.

मग नदीने आम्हाला उचललं. असली होडी संकटाकडे तोंड करून मागे ओढत न्यायची असते, म्हणून मी तिचं नाक सासूबाईवर रोखलं आणि सगळा जीव लावून मागे, उजवीकडे ओढायला लागले. वल्ही कुरकुरली, पाणी फळीवरून आत आलं, मागे लायल डोळे मिटून मोठ्याने अंगाई म्हणत होता. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक. डावा पाय सरकला. मारिटने तो दोन्ही हातांनी धरून पट्टीवर दाबला आणि छातीचा भार त्यावर टाकला. “ओढ,” ती म्हणाली. मी ओढलं. सासूबाई इतक्या जवळून गेल्या की हात लांब केला असता तर पाठीवर थाप मारता आली असती. आणि आम्ही त्या वाटेतून बाहेर फेकलो गेलो, तिघंही चिंब, तिघंही खिदळत.

खाली पाणी संथ झालं. काठावरून बाकीचे टोप्या उडवत होते. मारिटने पाय अजून धरून ठेवला होता. ती हसत होती की रडत होती, ओल्या तोंडावर समजेना.

“शेवटचं म्हणणार होतीस ना?” तिने विचारलं. “म्हण आता.”

मी तिच्याकडे बघितलं. मग हातातल्या वल्ह्यांकडे बघितलं.

“पुढच्या वर्षी म्हणते,” मी म्हणाले.

“मग पुढच्या वर्षी मला खाली उशी लागेल,” ती म्हणाली आणि तिने माझा पाय सोडला.