काकांचं डोकं आणि ताईची परीक्षा

ताईच्या परीक्षेला केस कापून घ्यायला माणूस आपला आपणच न्यायचा होता. सेंटरचा नियमच तसा.

सेंटर सरकारी. शाळेनंतर ज्यांचं शिकणं राहून गेलं त्यांच्यासाठी संध्याकाळचे वर्ग, फी नाही. ताई तिथे केस कापायला शिकत होती. आधी लोक नुसती नावं नोंदवून पसार व्हायचे. यंदा वरून हुकूम आला: नावं किती ते नको, शिकून बाहेर किती पडले ते दाखवा, तरच वर्ग पुढे चालू. तेव्हापासून वर्गाचे सर बिचारे घरोघर फिरतात. ताईला ताप आला तर हे थेट आमच्या स्वयंपाकघरात. आईला म्हणाले, "ताप उतरला की लगेच पाठवा हं वहिनी!"

ताईला ढकलायची गरजच नव्हती. बाजारातल्या सलूनची मालकीण तिला कामावर घ्यायला तयार होती, पण पास होऊन आली तरच. शाळा सुटल्यापासून घरात बसून ताई इतकी वैतागली होती की भांडीसुद्धा रागाने घासायची.

आता माणूस कोण? बाबांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही. माझं डोकं सरावातच संपलं. राहिले काका. दाट केस, आणि त्याचा केवढा तोरा!

"तुम्ही फक्त येऊन बसा काका," ताई म्हणाली.

"बसायला काय, त्यात तर माझा हात कुणी धरणार नाही," काका म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांची माणसं आरशांपुढे बसली होती. कुणाचा मेहुणा, कुणाचा शेजारी, एक बस ड्रायव्हर तर चक्क घोरत होता. आणि काका आले. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट आणि नुकतेच, अगदी ताजे कापलेले केस.

ताईच्या हातातली फणी खाली पडली. "काका! हे काय करून आलात?"

"म्हणजे? सरकारी अधिकारी येणार, आणि मी झिपऱ्या घेऊन येऊ? घराण्याची काही अब्रू आहे की नाही?"

मला हसू आवरेना. ताईने असं बघितलं की आवरलं.

परीक्षक मॅडम आल्या, काकांभोवती एक चक्कर मारली. "यांचं कापायचं काय? आधी आणि नंतर फरक दिसायला हवा. दुसरा माणूस आणा, नाहीतर पुढच्या खेपेला या."

"मॅडम, पुढची खेप वर्ग टिकला तर," सर दारातून पुटपुटले.

मला वाटलं, ताई आता रडणार. ती काकांच्या मागे गेली, मान खाली करायला लावली, फणी फिरवली. मग म्हणाली, "मॅडम, जरा इकडे येता? हे बघा, मागे पायऱ्या पडल्यात. आणि डावी बाजू उजवीपेक्षा वर आहे."

काका उसळले. "कुणाला नावं ठेवतेस? माझ्या लग्नापासून तोच न्हावी कापतोय!"

"लग्नाच्या फोटोतही डावी बाजू वरच आहे, काका."

बस ड्रायव्हर जागा झाला.

मॅडमना हसू फुटलं, पण लगेच गंभीर झाल्या. "दुरुस्त करणार? लांबी फार नाहीये. चुकलीस तर मशीन फिरवून सगळं सपाट करावं लागेल. आणि तू नापास."

"करते."

"मला कुणी विचारणार आहे का?" काका म्हणाले.

"विचारतेय ना. हरकत आहे तुमची?" मॅडम म्हणाल्या.

सगळी खोली काकांकडे बघायला लागली. काकांनी एकदा स्वतःच्या केसांवरून हात फिरवला, जणू निरोप देतायत.

"करू दे पोरीला. पण मला त्या आरशापासून जरा वळवा."

ताईने खुर्ची वळवली. आधी मागच्या पायऱ्या. कात्री नुसती टोकाने चालत होती, फणीवर थोडेच केस उचलून. मग उजवा कान. थोडं कापायची, पुढे येऊन दोन्ही बाजू बघायची, परत मागे जायची. काकांनी डोळे घट्ट मिटलेले. दारात सर टाचा उंचावून बघत होते.

शेवटी ताईने खुर्ची आरशाकडे फिरवली. काकांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मान इकडे, मान तिकडे.

"अरेच्चा," एवढंच म्हणाले.

मॅडमनी दोन्ही कानांवर बोटं लावून बघितलं, मागून हात फिरवला. "पास. फक्त गिऱ्हाइकाची मान एवढी मुरगळू नकोस."

सरांनी दारातच टाळी वाजवली. ताई कापलेल्या केसांसकट माझ्या गळ्यात पडली, तोंडात केस गेले माझ्या.

"चल घरी, आईला सांगू," मी म्हटलं.

"घरी नंतर. आधी सलून." एप्रन काढायचंही तिला सुचलं नाही. आम्ही तसेच बाजाराकडे निघालो, नमुना म्हणून काका सगळ्यात पुढे.