दातात धरलेला दोरा

“तुझ्या तोंडाचा वास येतो, अव्वा. म्हणून उठली ती. फोनबिन काय आला नव्हता तिला.”

बसवेशनं बोलून टाकलं आणि पार्लरच्या खुर्चीत अंग टाकलं. पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली. त्याची आई चंद्रिका फरशीवर सांडलेली पावडर पुसत होती. तिचा हात थांबला नाही.

“हळू बोल. शेजारी ऐकत्यात.”

“ऐकू देत की. मी पडद्याआडनं बघत होतो. भुवया होईपर्यंत ऋतुजाताईनं श्वास धरून ठेवलेला. तू वरच्या ओठाकडं वाकलीस, तर म्हणाली, ऱ्हाऊ द्या काकू, अर्जंट फोनाय. त्या बँकवाल्या बाई बी तशाच गेल्या.”

राग त्याला कुणाचाही यायचा. दहावीत सरांचा आला, तेव्हा शाळा सुटली ती सुटलीच. आता मामाच्या टेम्पोत चादरींचे गठ्ठे चढवायचा. आजचा राग नेमका कुणावरचा हे त्याला कळेना. तो उठला, खिडकीतली मिश्रीची डबी उचलली आणि दारातल्या गटारात उपडी केली.

“ही घासतीस म्हणून होतंय सगळं.”

“कवाच बंद केली ती,” चंद्रिका म्हणाली. “डबी तेवढी ऱ्हायली होती.”

तो रिकामी डबी घेऊन दारातच उभा राहिला. चंद्रिका जवळ आली. सवयीनं पदर तोंडावर गेला, मग तिनंच तो काढला. त्याचं बोट धरून खालच्या पुढच्या दातावर ठेवलं. दात सैल झालेल्या खिळ्यासारखा हलला.

“दाताच्या डॉक्टरकडं जाऊन आले मी. हिरड्या साफ केल्या त्यानं. बाकीचे टिकतील म्हनला, पर त्यांना ओढ द्यायची न्हाय. हा मात्र काढायलाच पायजे. ह्याच्याखाली पू झालाय, वास तितनंच येतोय. मला काय कळत न्हाय व्हय? लवंग चघळून चघळून जीभ पोळली माझी.”

“मग काढ की.”

तिनं रिळाचा दोरा ओढला, एक टोक दातात धरलं, दोन्ही हातांत पीळ घालून कात्रीसारखा उघडून-मिटून दाखवला. मग टोक सोडलं. दोऱ्यावर बारीक लाल डाग होता.

“काढल्यावर हे कशात धरू?”

“खोटा बसव.”

“खोट्याला ही ओढ सोसंल व्हय, येड्या?”

बसवेश दोऱ्याकडं बघत राहिला. मग त्यानं रिळातला लांब दोरा तोडला आणि आईच्या गळ्यात माळेसारखा घातला.

“नव्या पेठेत टॉवेल द्यायला गेलो, तितल्या पार्लरमधी एक पोरगी असं करत होती. दोरा मानंला. तोंड मोकळं.”

“मला न्हाय जमायचं. एवढी वर्सं दातानंच केलं.”

तो परत खुर्चीत बसला आणि मान मागं टाकली.

“कर.”

“पोरं हसतील बे तुला.”

“हसू देत. बघतो मी.”

पहिल्यांदा दोरा सरकून कानाला लागला. नंतर केसांबरोबर कातडी आली. बसवेशनं खुर्चीचे हात घट्ट धरले, डोळ्यांतनं पाणी आलं, पण हलला नाही. वास येत होता. श्वास त्यानं धरला नाही. हळूहळू मानेला ओढ गवसली, दोरा सर्र वाजायला लागला.

“दुखतंय का?” चंद्रिकेनं विचारलं, आणि हात चालू ठेवून आपण बोललो याचं तिलाच नवल वाटलं. दोरा दातात असताना तिला गिऱ्हाइकाला हे कधी विचारता आलं नव्हतं.

उजवी भुवई झाली. एखाद्या नवरीची असावी तशी, कोरीव. बाहेर मामाच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. बसवेश उठला, आरशात एकदा बघितलं, चपला घातल्या.

“आरं, दुसरी ऱ्हायली. असाच जाणार हायेस का?”

“दुसरी तू दात काढून आल्यावर,” तो उंबऱ्यातनं म्हणाला. “मला जायला पायजे आता.”