रक्तातच आहे म्हणे!

सत्त्याऐंशी साली भामरागडकडच्या आमच्या आश्रमशाळेत शहरातून एक डॉक्टर जीप घेऊन आले. आदिवासी मुलांचं वर्गात लक्ष का लागत नाही, याचा त्यांना शोध घ्यायचा होता. मी म्हटलं, घ्या बापडे.

मी शिकवायची त्या चौथीच्या वर्गात त्यांनी चित्रांचे कागद वाटले. त्यातल्या फक्त मासळ्यांवर फुली मारायची. मी शाळेच्या आवारातच राहायची, म्हणून माझा मुलगा संघपालही त्याच वर्गात होता. अर्ध्या कागदावरच त्याचं चित्त उडालं आणि तो खिडकीतून जीप बघत बसला. शेजारच्या मंगरूचीही तीच गत. दोघांच्या फुल्या जवळपास सारख्याच निघाल्या.

"तुमचा मुलगा जरा चंचल आहे, बाई. नागपूरला दाखवा, सुधारेल," डॉक्टर म्हणाले. मग मंगरूचा कागद बाजूला सारला. "हा मात्र गुरं राखायलाच बरा. वसतिगृहातली जागा दुसऱ्याला द्या. यांच्या रक्तातच आहे ते."

मी हबकलेच. बौद्ध होण्याआधी माझ्या वडिलांना हेच ऐकवून शाळेच्या व्हरांड्यात बसवायचे. ते वाक्य अजून जिवंत आहे, आणि माझ्याच वर्गात?

मंगरूचा बाप लालसू पोराला भेटायला आला होता, दारातच उभा होता. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "तुझंही लहानपणी शाळेत लक्ष नसायचं ना?"

"शाळाच नोती, साहेब."

डॉक्टरांनी पुरावा मिळाल्यासारखी मान डोलावली.

माझं डोकंच फिरलं. "साहेब, रक्ताचंच म्हणता, तर माझ्या नवऱ्याला तपासा. चुलीवर भात ठेवतो आणि गप्पा मारायला निघून जातो. लेक हुबेहूब बापावर गेलाय!"

ते हसले. "तुमची गोष्ट वेगळी, बाई."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला वरच्या पायरीवर बसवत होतं, तेही मंगरूला खाली ढकलून. "वेगळी कशी? कागद तर सारखेच आहेत!"

ते जीपकडे निघून गेले. मी वळले, तर लालसू मंगरूची पेटी उचलत होता.

"लालसूभाऊ, थांबा! त्याची जागा कोनी घेत नाई. मी हाव ना इथी!"

"पोराचा कसूर नाई, बाई. माह्याकून झालं." चोरी पकडली गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. "लहान्या पोरीले यंदा शाळेत घालनार होतो. तिलेबी नाई आनत आता. थेबी माहीच हाय."